पिवळे मोजे

शनिवार, १६ नोव्हेंबर १९९१

जेवायला बसले तोच खालून बेल! ताट झाकून धावले. हॉस्पिटलच्या माडीवर खोली असण्याचं हेच सुख — भात कधी गरम मिळायचा नाही.

बत्तिसाव्या आठवड्यात झालेलं पोर. मुलगा. चौदाशे ग्रॅम. छाती नुसती आत-आत ओढत होता. आई जया, बाप विश्राम. स्टेशनपलीकडे पश्चिमेला, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली माणसं. विश्रामची आई आवडाबाई बाजारात मासळी विकते. आमची आया विमलाबाई तिचीच गिऱ्हाईक. म्हणून तर इकडे आणलं.

डॉ. गद्र्यांनी बेंबीतून नळी घातली. कापलेल्या नाळेतल्या धमनीतून ती सरळ पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीत जाते. मग त्या जिवाला सारखं टोचायला नको. रक्त तिथूनच काढायचं, सलाईन तिथूनच द्यायचं. काय हात आहे त्या माणसाचा! खांद्यापासून बेंबीपर्यंत टेपने मोजलं, भिंतीवरच्या तक्त्यात बोट फिरवलं, पाच मिनिटांत नळी आत. श्वासही मोकळा झाला हळूहळू.

नंतर एक्स-रे काढून नळीचं टोक कुठे आलंय ते बघायचं असतं. भलत्या जागी राहिलं तर पायाचं रक्त अडतं. पण कल्याणहून रिक्षात मशीन घालून येणारा तो एक्स-रेवाला — मेहुणीच्या लग्नाला विठ्ठलवाडीला! सोमवारी येतो म्हणे.

डॉक्टर म्हणाले, "कांताबाई, हे माझं एकेचाळिसावं बाळ. बरोबर बसलीय. तुम्ही फक्त दर तासाला पायाची बोटं बघत राहा."

ते काय सांगायला हवं मला?

रविवार, १७ नोव्हेंबर

बाळ छान आहे! मुठी वळतो, जांभया देतो. लबाड.

अकरा वाजता आवडाबाई आली, पदरात काळा दोरा लपवून. डॉक्टरांना दोरे, काजळ, अंगारे काही चालत नाही. दारावर पाटीच आहे. म्हटलं, "आजी, नाही चालायचं." ती हातच धरून बसली. "बाय माझे, तीन नातवंडं गेली गो माझी. यवढा बांधू दे. मना झोप लागंल." हाताला मासळीचा वास, साबण लावलाय दोनदा तरी. माझं मन विरघळलं. म्हटलं, "बांधा, पण ढिला. करंगळी आत गेली पाहिजे." उजव्या घोट्यावर आमची नावाची चिकटपट्टी होती म्हणून डाव्याला बांधला. मी स्वतः करंगळी घालून बघितली.

आता डॉक्टरांनी बघितलं तर दोघींची वरात! मग कपाटातून माझ्या हातचे मोजे काढले. पिवळे, परवाच विणून झालेले. दोन्ही पायांत चढवले, दोरा झाकला. डॉक्टर राउंडला आले, हसले. "कांताबाईंचा ट्रेडमार्क!" इथून घरी गेलेलं एकही पोर माझ्या मोज्यांशिवाय गेलेलं नाही. मोज्यांना ते कशाला हात लावतायत?

तीन वाजता बघते तर जया! टाक्यांची बाई, भिंत धरधरून आलेली आणि बाळाच्या पायाशी चाळा करतेय. एक मोजा टाचेवर अडकलेला. मी ओरडलेच, "हात लावायचा नाही म्हटलं ना! जंतू जातात!" ती "सिस्टर, पाय..." काहीतरी म्हणत होती. म्हटलं, "पाय गार पडू नयेत म्हणूनच मोजे आहेत. जा, पड जाऊन." मोजा वर ओढला. गेली बिचारी. अशा वेळी ओरडावंच लागतं, नाहीतर वॉर्डाची जत्रा होते.

चार्ट भरला. बोटांच्या रकान्यात 'गुलाबी', 'गुलाबी'. सकाळी बघितलेलीच होती की. रात्रपाळीच्या मुलीला बजावून आले — थंडी आहे, मोजे काढू नकोस.

सोमवार, १८ नोव्हेंबर

सहाला खाली गेले. लंगोट बदलायला घेतला, उजवा मोजा ओढला.

बोटं काळीनिळी. जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखी. पाऊल पांढरं, गार.

डावा ओढला. डावा लालगुलाबी, दोऱ्यासकट.

पुढचं लिहायचं नव्हतं, पण इथे नाही लिहिलं तर कुठे लिहू? मी आधी डॉक्टरांना बोलावलं नाही. आधी दोरा कापला. कात्री घेतली, दोरा कापला, ट्रेमध्ये टाकला, वर कापूस ठेवला — आणि मग फोनकडे धावले. बाळाचं पाऊल गार पडलेलं आणि मला माझी बोलणी खायची भीती! वीस वर्षं हे काम करतेय मी!

डॉक्टर समोरच्याच बिल्डिंगमधून बनियनवर धावत आले. बघितलं, क्षणात नळी काढली. डावा पाय गरम फडक्यात गुंडाळायला लावला. दुखऱ्या पायाला ऊब द्यायची नाही, चांगल्याला द्यायची, मग दुखऱ्यातही रक्त उतरतं. तासाभरात पाऊल गुलाबी झालं. टाच झाली, अंगठा झाला, शेजारचं बोट झालं. धाकटी तीन नाही झाली.

अकराला एक्स-रेवाला हजर, लग्नाचे लाडू घेऊन! नळी बादलीत गेलेली. आता फोटो कशाचा काढणार? टोक कुठे होतं ते आता देवालाच ठाऊक.

दुपारी डॉक्टरांनी ट्रेमधला कापूस उचलला.

"हे काय?"

"दोरा. आजीनं बांधलेला."

"कुठे?"

"पायाला."

"आणि मला सांगितलं नाहीत!" मग दोरा चिमटीत धरून उजेडाकडे नेला. "अच्छा... असं आहे तर," म्हणाले.

कुठल्या पायाला, असं त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

तीन बोटं तशीच.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून सांगितलं — आजीनं पायाला दोरा बांधला, रक्त अडलं, तीन बोटं जाणार. आवाज अगदी मऊ. खोटं बोलताहेत असं वाटलंच नाही. त्यांना खरंच तसं वाटायला लागलंय की काय कोण जाणे.

विश्राम पॅसेजमध्येच आईवर तुटून पडला. "तुला कोनी सांगितलेला शहाणपना! माझं पोर लंगडं केलंस!" म्हातारीनं पदर डोक्यावर ओढला. जयानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आत्याबाईंनी आता पोराला हात लावायचा नाय."

सगळे गेल्यावर आवडाबाई माझ्याकडे आली. दोन्ही हात पुढे धरलेले. तोंडावरून वारं गेल्यासारखी. "बाय, मी पायथ्याशी उभी होते. माझा उजवा का पोराचा उजवा, मना काय समजत नाय. तू होतीस ना गो? कंचा पाय होता?"

मी म्हटलं, "आठवत नाही, आजी."

आठवत नाही! करंगळी घालून बघितलेली मी.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

डॉक्टर चहा पिता पिता म्हणाले, "नर्सिंग नोट्समध्ये दोऱ्याची ओळ राहिलीय. लिहून टाका. तारीख अठराची घाला."

लिहिलं. 'उजव्या घोट्यास नातेवाइकांनी बांधलेला दोरा आढळला. कापून काढला.' खाली सही. माझं अक्षर वळणदार आहे असं सगळे म्हणतात. आज तर मोत्यासारखं आलं मेलं.

घरी यांना सांगितलं. हे तानाजीराव नेहमीसारखे रंगाच्या कंपनीतून हिरवे हात घेऊन आलेले. ऐकून घेतलं. म्हणाले, "डॉक्टर बघून घेईल. तू कशाला मधे तोंड घालतेस? उद्या खोली खाली करा म्हणाला तर कुठं जायचं?"

तेच तर! मी शिकलेली ए.एन.एम., नर्सिंगचा छोटा कोर्स. मोठ्या हॉस्पिटलात मला ड्रेसिंगपलीकडे कुणी हात लावू देणार नाही. इथे मी इन्चार्ज. इवल्याशा पोराची शीर कशी शोधायची, श्वास कसा मोजायचा, सगळं डॉक्टरांनी शिकवलं. डोक्यावर छप्पर त्यांचं. खिडकी उघडली तर समोर त्यांची गॅलरी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

गुरुवार, ५ डिसेंबर

आज धीर केला. राउंड संपल्यावर केबिनमध्ये गेले, दार लोटलं.

"सर, दोरा डाव्या पायाला होता."

त्यांनी चष्मा काढला. पुसत बसले. किती वेळ पुसावं माणसानं! मग म्हणाले, "आणि मोजे कुणी घातलेले, कांताबाई?"

मी टेबलावरचे कागद सरळ करायला लागले.

"रविवारी दिवसभर बोटं गुलाबी असं कुणी लिहिलंय? रात्री मोजे काढू नकोस असं त्या मुलीला कुणी सांगितलं? तिनं मला सांगितलंय." ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "पहिल्या तासात कळलं असतं तर नळी मी तेव्हाच काढली असती. नळीचा दोष असेल, धरून चालू. पण बोटं वाचली असती. मी तुम्हालाच वाचवतोय, एवढं लक्षात ठेवा."

आणि हे खोटं नाही! हेच तर वाईट आहे की हे खोटं नाही. नळी त्यांची चुकली असेल, एक्स-रे त्यांनी काढला नाही. पण त्यासाठीच तर दर तासाला बोटं बघायची असतात. तो पहारा माझा होता आणि मी पहाऱ्यावर मोजा चढवला. इकडे आड, तिकडे विहीर. आणि मधे ती म्हातारी हात पुढे धरून उभी.

केबिनबाहेर येऊन बाकावर बसले. विमलाबाई म्हणाली, "ताई, बीपी बघू का?"

गुरुवार, १२ डिसेंबर

विमलाबाईनं बाजारातली बातमी आणली. आवडाबाईनं मासळी सोडली. विकते, पण खात नाही. मी म्हटलं, मार्गशीर्षातला गुरुवार असेल. "नाय ओ ताई, कायमची. एकवीरेला बोलून बसलीय — पोर चालेपर्यंत तोंडात म्हावरं घालनार नाय. कोळ्याची बाय आनि वरणभात खाते, सगळा बाजार हसतोय तिला."

मला हसू आलं नाही. रात्री आमच्याकडे सुकटीची चटणी होती, ताटाला हात लावला नाही.

शनिवार, १४ डिसेंबर

ड्रेसिंग करताना तीन बोटं सुटली. वाळलेली होती. मनुक्याएवढी. रक्तसुद्धा आलं नाही.

बाळानं तेव्हाही माझं बोट धरून ठेवलेलं.

शनिवार, २१ डिसेंबर

आज घरी गेला. एक किलो नऊशे! दूध ओढून पितो, आवाज खणखणीत. डॉक्टरांनी विश्रामच्या पाठीवर थाप मारली. "जीव वाचला, हे विसरू नका," म्हणाले. तेही खरंच.

जयानं बाळ घेतलं, विश्रामनं पिशव्या. आवडाबाई फाटकाबाहेर उभी. रिक्षा आली. तिच्यात जागा होती, तरी तिला कुणी बस म्हणालं नाही. ती मागून चालत निघाली. रिक्षा वळली तरी चालतच होती. एवढ्या लांब, स्टेशन ओलांडून पश्चिमेला, खाडीपर्यंत!

सगळ्या पोरांना देते तसे मोजे त्याला दिले नाहीत. विणायला घेतलेली लोकर उसवून टाकली.

गुरुवार, २ जानेवारी १९९२

नवीन वर्ष म्हणे!

ठाण्याला डॉक्टर लोकांची सभा आहे, बारा तारखेला. आमच्या डॉक्टरांचं भाषण — छोट्या हॉस्पिटलातही बेंबीतली नळी कशी सुरक्षित घालता येते. एकेचाळीस बाळांचा हिशेब मांडायचाय. रजिस्टर माझ्याकडे असतं म्हणून आकडे मीच काढून दिले. रजिस्टरातल्या 'नळीमुळे दुखापत' या रकान्यापुढे त्यांनी स्वतः शून्य काढलं. छान गोल.

"तुम्हीही चला. स्लाइड तुम्हीच पुढे सरकवा. तुमचंही काम आहे हे," म्हणाले.

म्हणजे फासाची दोरीही मीच धरायची.

रविवार, १२ जानेवारी

ठाणे. कॉलेजचा हॉल, खुर्च्या सगळ्या भरलेल्या. मी मशीनपाशी, हातात बटण. "पुढची," म्हणाले की दाबायचं. खट. पुढची. खट.

बोलतात छान. टेप, तक्ता, माप, सगळं समजावलं. मग म्हणाले, "एकेचाळीस बाळं. नळीमुळे दुखापत एकही नाही." पाण्याचा घोट घेतला. "एका बाळाची बोटं गेली, पण ती आजीबाईंच्या काळ्या दोऱ्यानं!"

हॉल हसला.

मोठ्यानं नाही, असंच, फुसकन. मागून कुणीतरी म्हणालं, "ह्या लोकांना किती सांगा!" मी बटण दाबलं नाही. डॉक्टर दोनदा "पुढची" म्हणाले. तिसऱ्यांदा वळून बघितलं तेव्हा दाबलं.

शेवटी कल्याणचा एक तरुण डॉक्टर उठला. नुकतंच हॉस्पिटल काढलेलं असावं, कोट नवाकोरा. "सर, आमच्याकडे एक्स-रेची सोय नाही. मोजून घातली तर चालेल?"

आमचे डॉक्टर जरासे अडखळले, ते मला दिसलं. बाकी कुणाला दिसलं नसेल. मग म्हणाले, "अनुभव असेल तर... चालतं."

त्यानं वहीत लिहून घेतलं! माझ्या डोळ्यांसमोर लिहून घेतलं! उद्या त्याच्याकडे एखादी सिस्टर असेल, तीही मोजे विणत असेल.

येताना गाडीत डॉक्टर खुशीत होते. मला खिडकीची काच खाली करावी लागली.

सोमवार, १३ जानेवारी

तो हॉलमधला हशा कानातून जात नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

डॉक्टरांनी सगळ्या स्टाफला तिळगूळ वाटला. "गोड बोला!" म्हणाले. मी खाल्ला नाही, पदराला बांधून आणला. हे म्हणाले, "दोन महिने झाले, तू धड जेवत नाहीस, विणत नाहीस. असली इन्चार्ज होऊन करायचंय काय?"

म्हटलं, "आणि खोली?"

"गेली तर गेली. मी कंपनीच्या रंगाच्या हौदात झोपेन, तू काठावर बस."

किती दिवसांनी हसले मी! आणि मग रडले. हे घाबरून पाणी आणायला गेले.

रविवार, १९ जानेवारी

जाऊन आले.

घर विचारत विचारत गेले. अंगणात जाळं वाळत टाकलेलं. आवडाबाई पाटावर बसून सुकट निवडत होती — जी ती खात नाही ती. विश्राम होडीवर गेलेला. आत बाळ झोळीत आणि जया दाराच्या चौकटीला टेकून उभी. मला बघून तिचा चेहरा उतरला. वाटलं, आता ही हाकलते.

मी बसले नाही. बसले असते तर बोलणं झालं नसतं. उभ्यानंच सांगितलं — "आजी, दोरा डाव्या पायाला होता. उजव्यावर आमची पट्टी होती. काळी पडली ती उजवी बोटं. तुमच्या दोऱ्यानं काही झालं नाही. दोरा दिसू नये म्हणून मी मोजे घातले, मग बोटं बघितलीच नाहीत. डॉक्टर यायच्या आत दोरा मीच कापला. तुम्ही विचारलंत तेव्हा आठवत नाही म्हटलं. आठवत होतं."

म्हातारीच्या हातातली सुकट खाली पडली. म्हणाली, "परत सांग."

परत सांगितलं.

"परत."

तिसऱ्यांदाही सांगितलं. ती हात झटकत उठली. मी गाल पुढे करूनच उभी होते, मारलं असतं तर बरंच होतं. पण ती आतल्या बाजूला वळली. "जया! आयकलंस?"

जया आत गेली. झोळीतून बाळ काढलं आणि सासूच्या ओंजळीत ठेवलं. माझ्याकडे बघितलंच नाही. मला वाटलं, रागानं.

आवडाबाई मटकन खाली बसली. दुपटं उलगडून ते पाऊल हातात घेतलं. अंगठा आणि शेजारचं बोट, दोनच. दोन्हींना तोंड लावलं. "ये रं माझे राजा... माझा हात नव्हता रं... माझा हात नव्हता..." हेच, कितीतरी वेळ. शेजारणी गोळा झाल्या.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू आता जा. आज मी तुला चाय देनार नाय."

बरोबर आहे.

सोमवार, २० जानेवारी

डॉक्टरांना मीच सांगितलं. चार्ट मागून घेतला. जुनी ओळ खोडली नाही. तिच्याखाली आजची तारीख घालून खरी लिहिली — दोरा डाव्या घोट्यास, मोजे मी घातले, बोटं तपासली नाहीत, नळी घातल्यावर एक्स-रे झालेला नाही. सही. रजिस्टरमधल्या शून्याच्या जागी 'एक'.

डॉक्टर उभे राहून वाचत होते. म्हणाले, "तुम्ही स्वतःचं वाटोळं केलंत." एक्स-रेच्या ओळीवर बोट ठेवून, "आणि माझं." मग रजिस्टर मिटून माझ्याकडेच परत दिलं. तो एक त्यांनी खोडला नाही.

शनिवार, २५ जानेवारी

३१ मार्चपर्यंत खोली रिकामी करायची. नोकरीही तोवरच.

बुधवार, २९ जानेवारी

चमत्कारच म्हणायचा! भूक लागते. झोप लागते. विमलाबाई म्हणाली, आवडाबाई बाजारात पोराला मांडीवर घेऊन बसते, पापलेटच्या टोपलीशेजारी. गिऱ्हाइकाला पाय दाखवते, "दोनच हायेत, पन लाथ बघ कशी मारतो!" मासळी अजून खात नाही. बोलून बसली म्हणजे बसली.

आता कर्ज नाही डोक्यावर कुठलं. आज लोकर आणली.

सोमवार, ३ फेब्रुवारी

जया आलेली, वजन करायला. दोन किलो आठशे. बाळ आवडाबाईच्या कडेवर. वजन झाल्यावर जया सासूला म्हणाली, तुम्ही पुढं व्हा. दार लावून घेतलं.

"सिस्टर, त्या रविवारी मी मोजा काढून बघितलेला. उजव्या पायाची करंगळी निळी होती. थोडीशीच. तुम्हाला सांगत होते, तुम्ही ओरडलात. मना वाटलं, तुम्हाला ठाऊकच असंल. म्हनून गप पडून राहिले. मग आत्याबाईंवर आलं... तेव्हा मना सुटल्यासारखं झालेलं."

वर येऊन ही वही मागे चाळली. १७ नोव्हेंबर. आहे. माझ्याच अक्षरात आहे — "सिस्टर, पाय..." आणि पुढे टिंबं.

तेव्हा दुपारचे तीन वाजलेले. मी मोजा काढला दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला. पंधरा तास.